एक कणही नाही

"अंतराळात सांडलेलं खाली पडत नाही," बाई चौथीच्या वर्गाला सांगत होत्या, "तरंगत राहतं. एक कण यंत्रात शिरला, की सगळ्यांचाच खेळ खलास! म्हणून अंतराळवीर फार जपून खातात. बघू या, तुमच्यातलं कोण टिकतंय!"

त्यांनी प्रत्येकाला एकेक खुसखुशीत बिस्किट दिलं. बघता बघता वर्गाचा उकिरडा झाला आणि आपलं यान बुडालं म्हणून पोरं खिदळायला लागली. फक्त खिडकीजवळची छोटी हनुवटीखाली तळहात धरून, ओठ मिटून, आवाज न करता खात होती. तिचा बाक लख्ख होता. बाईंनी कौतुकानं तिच्या फ्रॉकवर चांदणी चिकटवली.

"कुठं शिकलीस गं हे?"

"घरी. माझ्याकडून सांडलं की बाबा आईला मारतात." पाढा म्हणावा तसं ती म्हणाली.

बिस्किटांचा पुडा बाईंच्या हातात तसाच राहिला.

शाळा सुटल्यावर त्या स्वतः तिचा हात धरून फाटकापर्यंत आल्या. समोर बाबा उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा.

"अरे वा, चांदणी! कशाबद्दल?"

काय बोललं तर रात्री कुणाच्या पाठीवर निघेल, या धाकानं बाईंनी छोटीचा हात आणखी घट्ट धरला. शेवटी छोटीनंच सांगितलं, "एक कणही सांडला नाही म्हणून."

बाबांचा चेहरा खुलला. "घरचं वळण आहे, बाई," म्हणत त्यांनी हात पुढे केला, आणि बाईंनी घट्ट धरलेला तो इवलासा हात त्यांच्या हातात दिला.