चौघांची एकच खोली

कावळा समोरच्या कठड्यावर येऊन बसला होता, पण पिंडाला काही शिवत नव्हता.

पंचवटीच्या घाटावर ऊन चढत चाललं होतं. वाल्मीक गार्डच्या दहाव्याला इगतपुरीहून आलेली मंडळी डोक्यावर रुमाल टाकून उभी होती. मागे दुसऱ्या घरचे लोक आपलं पान मांडायला खोळंबले होते. कावळ्याला कसली घाई! तो मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत बसला.

"दादा, वहिनीला आणि पोरांना अंतर देणार नाही," वाल्मीकचा धाकटा भाऊ दिनेश हात जोडून म्हणाला.

कावळा बसूनच.

"पप्पा, मी इंजिनीअरिंग पुरं करीन," मुलगा रोहित म्हणाला. सकाळीच केस काढलेलं त्याचं डोकं उन्हात लहान मुलासारखं दिसत होतं. कावळ्यानं पंख झाडले, पण जागा सोडली नाही.

"काहीतरी इच्छा राहिली असेल त्यांची," गुरुजी म्हणाले. "आठवून बघा बाई."

ललितानं मान खाली घातली. आठवायचं कशाला? नवऱ्याचं काय राहिलं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

दिवाळीच्या आधी वाल्मीक नाशिकहून एक गुळगुळीत पत्रक घेऊन आला होता. मुंबईहून निघणारं मोठं जहाज, चार दिवस समुद्रात. त्यात चौघांची एक मोठी खोली होती, समुद्राकडे बाल्कनी असलेली. किंमत वाचून ललिता हबकलीच. तिनं त्याच पत्रकात खाली बोट ठेवलं. आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या, दोघादोघांच्या दोन खोल्या घेतल्या तर निम्म्यात काम होत होतं.

"जहाज तेच, जेवण तेच, समुद्र तोच," ती म्हणाली होती. "खोलीत तर नुसतं झोपायचं. झोपेत काय बाल्कनी बघायचीय?"

बाई काही चुकीचं बोलली नव्हती. अशीच काटकसर करून तिनं घर उभं केलं होतं.

"अगं, जन्म गेला माझा मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून," वाल्मीक म्हणाला होता. "मी घरी आलो की पोरं शाळेत, पोरं आली की मी ड्युटीवर. एकदा तरी चौघं एका खोलीत राहू की, दार लावून. आणि समुद्रात कॉलबॉय येत नाही बघ!"

ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय दाराशी आला, की वाल्मीक भरल्या ताटावरून उठायचा. एका हातानं घास कोंबायचा, दुसऱ्या हातानं बूट चढवायचा. "अहो, दोन घास सावकाश खा," ललिता मागून ओरडायची. ऐकतोय कोण!

"परवडत नाही असं नाही, पण मला पटत नाही," तिनं शेवटचं सांगून टाकलं होतं. "पुढच्या वर्षी बघू."

त्यानं पत्रकाची घडी करून ड्युटीच्या पेटीत ठेवली. पुन्हा विषय काढला नाही. आणि दहा दिवसांपूर्वी भुसावळला गाडी पोचवून, गार्ड लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत झोपला तो झोपलाच. तिथंही एकटाच.

"मम्मी, जहाज!" सृष्टी एकदम बोलली. बापाची लाडकी लेक ती, तिला बरोबर आठवलं.

दिनेशनं शब्द उचलून धरला. "दादा, जहाजावर नेतो रे सगळ्यांना! माझ्या पैशानं नेतो!"

कावळा जागचा हलला नाही.

"काका, तुम्ही म्हणून काय उपयोग?" रोहित म्हणाला. "नको तर मम्मी म्हणाली होती." बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

सगळे ललिताकडे बघायला लागले. दिनेश तिच्याजवळ आला.

"वहिनी, एक शब्द बोला ना. दादा अडकलाय."

"मी बोलले की तो शिवेल, भाऊजी."

"मग बोला की!"

"आणि शिवला की ते गेलेच ना."

दिनेश डोळे पुसत बाजूला झाला. सृष्टी आईच्या पदराला धरून हुंदके देऊ लागली.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला. "असू द्या. दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो. चालतं तसं."

"नको!" ललिता एकदम पुढे झाली. "गवताचा नको. जन्मभर मी त्यांना स्वस्तातलंच दाखवत आले."

ती पिंडासमोर बसली, पदर नीट केला.

"अहो, ऐकलं का? जाऊ आपण जहाजावर."

कावळ्यानं मान वळवली.

"बाल्कनीचीच खोली घेऊ. चौघांची एकच. होऊ देत किती व्हायचे ते पैसे."

चौघांची म्हणताना तिचा आवाज फाटला.

कावळा कठड्यावरून उतरला, टुणटुण उड्या मारत पानाशी आला आणि त्यानं भातात चोच घातली.

"शिवला, शिवला!" मंडळींनी हात जोडले. कुणी सुटकेचा श्वास सोडला, कुणी चपला शोधायला लागलं. मागच्या घरचे लोक पुढे सरकले. रोहितनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, "मम्मी, चल."

ललिता उठली नाही. कावळा मान वर न करता घाईघाईनं घास गिळत होता.

"अहो, सावकाश खा," ती म्हणाली. "आज कुणी बोलवायला येणार नाही."