शनिवारच्या दहा गोळ्या

"दहाच?" डेल्मारने बरणी हलवली. "सगळ्याच घेऊन टाक ना एकदा."

"दहाच द्या. पुढच्या शनिवारी येतोच आहे," लाइल म्हणाला आणि कॉफीसाठी कप पुढे केला.

डेल्मारच्या जिवात जीव आला.

बायको गेल्यापासून मोंटानातल्या त्या घरात शनिवार सोडला तर माणसाचा आवाज नव्हता. खांदा कामातून गेला तशी डेल्मारने शिकार सोडली, रायफल भाच्याला दिली आणि काडतुसं भरायच्या सामानातल्या उरलेल्या गोळ्या विकायला काढल्या. अख्ख्या तांब्याच्या, जुन्या घडणीच्या. गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात चिठ्ठी लावली. ती वाचून महिनाभराने आला तो एकटा लाइल. साठीचा, अबोल.

"रायफलची नळी घासतोस ना? नव्या गोळ्यांना खाचा असतात, या बोडक्या. आत तांबं सोडतात."

"घासतो की."

"आणि काडतुसात दारू भरताना कमीपासून सुरू कर. शिशाच्या गोळीचं माप हिला लावशील तर थोबाड फुटेल."

"दर शनिवारी हेच सांगता, डेल्मार."

"कारण दर शनिवारी तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखा बघतोस. नेम कसा लागतोय?"

"शंभर यार्डांवरून तीन मारल्या. तिन्ही एकाच भोकात."

"हॅ! थापा मारू नकोस. ऐन उमेदीत मला नाही जमलं ते!"

दोघेही हसले. लाइलने गोळ्या खिशात टाकल्या आणि टोपी उचलली. तो गेल्यावर घर पुन्हा खायला उठलं.

डेल्मारने कपाटातून नवं खोकं काढलं, त्याचं सील फोडलं आणि गोळ्या बरणीत ओतल्या. त्याच्या उरलेल्या गोळ्या मार्चमध्येच संपल्या होत्या. तेव्हापासून तो तसल्याच जुन्या गोळ्या परराज्यातल्या एका दुकानदाराकडून महागात मागवत होता. बरणी रिकामी दिसली असती तर लाइल कशाला आला असता?

मग एक शनिवार लाइल आला नाही. दुसराही कोरडाच गेला. आपलं बिंग फुटलं, डेल्मारच्या मनाने घेतलं. रविवारी बरणी शेजारच्या सीटवर ठेवून तो गाडी घेऊन निघाला.

लाइलने दार उघडलं. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"शिडीवरून पडलो. तुमचा नंबर सापडेना."

डेल्मार उंबऱ्यातच थांबला. "लाइल, मी तुला फसवलंय. माझ्या गोळ्या केव्हाच संपल्या. तू येत राहावास म्हणून विकत आणून तुला उरलेल्या म्हणून देत होतो. हव्या तर सगळ्या परत कर. पण येणं बंद करू नकोस."

कुबडीवर रेलून लाइलने दार पूर्ण उघडलं.

"आत या, डेल्मार," तो म्हणाला. "माझ्याकडे रायफल नाही. कधीच नव्हती."