खिळ्याचं भोक

खेळ विज्ञानावर चालतो, दैवावर नाही, असं फिजिक्सचे बापट सर नेहमी सांगत. म्हणून आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात कॉलेज पहिले दोन सेट हरल्यावर त्यांनीच, एकही सामना न चुकवणाऱ्या हणमंताला पत्र्याच्या कुंपणाबाहेर काढलं. "तू बघतोस तेव्हा आपण हरतो. ही अंधश्रद्धा नव्हे, निरीक्षण आहे."

बाहेर हणमंत नुसत्या आरोळ्या ऐकून तळमळत होता. "सर, काय झालं?" "आपला पॉइंट! बघू नकोस!" तिसरा सेट जिंकला, चौथाही. पाचव्याला त्याला राहवेना. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. त्यानं डोळा लावला तो कॉलेज अजिंक्य होईपर्यंत काढलाच नाही.

चहाच्या गाड्यावर सरांनी त्याची पाठ थोपटली. "तुझ्या त्यागानं जिंकलो, लेका!"

"पाचवा सेट अख्खा पाहिलाय, सर. भोकातून. आता तरी आत बसू द्या."

सरांनी चष्मा पुसला. "कुठला डोळा?"

"डावा."

पुढच्या वर्षी हणमंताला त्याच भोकाशी डावा डोळा लावून उभं केलं. कॉलेज पहिल्याच फेरीत हरलं.