मॉलच्या पायऱ्या

मॉलच्या पायऱ्यांवर कुणीतरी जळकं ऑइल ओतलं होतं. गाडीतून काढलेलं, काळं, चिकट. दुकानाच्या ओट्यावर कुणी टेकू नये म्हणून आपल्याकडे लोक हा उपाय करतात. पाटी लिहायचा खर्च वाचतो आणि भांडणही होत नाही.

चंद्रप्रभाबाई खालीच थांबल्या. चांगल्या कडक शिस्तीच्या मास्तरीण होत्या त्या, रिटायर झाल्या तरी साडीला खळ घालून इस्त्री केल्याशिवाय बाहेर पडत नसत. आजची बदामी होती. शेजारी वहिदाबी, देगलूर नाक्याला जन्मभर बांगड्या भरलेल्या. दोघी रोज संध्याकाळी इथं येऊन तिसऱ्या पायरीवर बसत.

मॉल चालू होता तेव्हा त्या आत बसायच्या. वरच्या मजल्यावर ज्यूसवाल्यासमोर बाक होता, थंडगार एसी होता. विकत काही घ्यायच्या नाहीत आणि कुणी उठ म्हणायचं नाही. नांदेडात पुरुषाला बसायला हॉटेल आहे, पानटपरी आहे, कटिंगचं दुकान आहे. काहीच नसलं तर स्टँडवर लावलेली मोटारसायकल आहे. बायकांनी कुठं बसायचं, हे गावाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या मॉलच्याही आलं नसेल, पण जागा मिळाली होती खरी. मग दुकानं उठली, मॉलला कुलूप लागलं. पायऱ्यांना कुलूप लावता येत नाही, म्हणून दोघी पायऱ्यांवर आल्या.

"मला बोलू नका बाई," वॉचमन हणमंत लांबूनच म्हणाला. "नव्या सरांनी ओतायला लावलं."

नवे सर आतून आलेच. मृत्युंजय सर. बिल्डिंग आता कोचिंग क्लासने घेतली होती आणि हा तिथला मॅनेजर, वयाने बाईंच्या कुठल्याही विद्यार्थ्याएवढा.

"काकू, राग मानू नका," तो म्हणाला. "ॲडमिशनसाठी पालक यायलेत. दारात असं कुणी बसलेलं चांगलं दिसत न्हाई."

"आम्ही काय केलं?" बाईंनी विचारलं.

"केलं काहीच न्हाई. पण घर हाय ना तुम्हाला? घरी बसा की निवांत."

वहिदाबी हसल्या. "बेटा, तुझ्या आईला घरात निवांत बसलेलं कधी बघितलंस का?"

त्याने बघितलं नसणारच. घरात बाई बसली की कुणाला तरी चहा आठवतो, कुणाचा तरी डबा राहिलेला असतो, नाहीतर मांडीवर नातू येतो. मांडी रिकामी दिसली की घर बेचैन होतं.

बाईंचा मात्र धीर सुटला. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं हुसकावलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते या पोराला दिसावं याची त्यांना जास्त चीड आली.

"चला भाभी," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून स्टेशनवर बसू."

"स्टेशनवर कशाला? आपल्याला कुठं जायचंय?"

वहिदाबी धुळकट काचेतून आत बघत होत्या. आत सरकता जिना बंद पडून होता, पायऱ्यांवर सिमेंटची पोती रचलेली.

"बाई, त्या जिन्यावर तुमचा हात धरला होता मी. तुम्ही कोण, कुठल्या, काही ठाऊक न्हाई. आणि चपला राहिल्या खाली."

बाईंना हसू फुटलं. एवढ्या चकचकीत जिन्यावर चपला घालून कसं चढायचं, म्हणून वहिदाबींनी त्या खाली काढून ठेवल्या होत्या. जिना वर घेऊन गेला, चपला खालीच. अख्खा मॉल हसला होता. "हसू दे," म्हणत वहिदाबी सगळ्या दुकानांतून अनवाणी हिंडल्या, मन भरेस्तोवर, आणि मगच चपलांसाठी खाली उतरल्या. ओळखदेख नसताना बाई त्यांच्याबरोबर हिंडल्या होत्या.

वहिदाबींनी कठडा धरला. एक पायरी, दुसरी. तिसरीवर त्यांनी बुरखा सावरला आणि सरळ ऑइलात बसल्या.

"अहो खाला!" हणमंत धावला.

"काकू, कपडे खराब होतील!" मृत्युंजय सर ओरडला. ऑइल त्यानेच ओतायला लावलं होतं, हे तो बहुतेक विसरला.

"बुरखा काळाच हाय, साहेब," वहिदाबी म्हणाल्या. "तुम्ही रोज ओता."

मग त्यांनी बुरख्याचा घेर शेजारच्या जागेवर पसरला आणि वर हाताने थापटलं. "या बाई. साडी खराब होणार न्हाई."

एक पालक मुलीला घेऊन फाटकातून आत येत होते. ते थांबले. मुलगीही थांबली आणि टक लावून बघू लागली.

चंद्रप्रभाबाई कठडा धरून वर चढल्या. त्यांनी तो घेर दोन बोटांनी उचलला, नीट वहिदाबींच्या मांडीवर ठेवला, आणि बदामी साडीनिशी ऑइलात बसल्या.

"हं, भाभी," त्या म्हणाल्या, "काल तुमच्या लेकीच्या सासूचं अर्धंच राहिलं. सांगा."