गिरणीचा पट्टा

दोन हजार आठ साली पुण्यात डॉक्टरांनी मांडीतनं नळी घातली आणि आमच्या मालकांच्या हृदयातली बिघडलेली जागा जाळली. वेडीवाकडी धडधड थांबली. तवापास्नं रोज दुपारी कोडोलीच्या आमच्या पिठाच्या गिरणीत मी त्यांची नाडी बघायची.

त्या दुपारी गिरणीचा पट्टा वेगळाच वाजाय लागला. दोन ठोके घाईनं, मग थांबणं, मग एक. आपरेशनाआधी सहा वर्षं त्यांच्या छातीवर कान ठेवून झोपलेली मी, ती जुनी धडधड वळखलीच.

"बायडा, मोटार बंद कर की!" मालक वराडलं.

बंद केली. पट्टा थांबला. आवाज थांबला न्हाय.

मी त्यांचं मनगट धरलं. हितं दाबलं, तितं दाबलं. बोटांखाली काहीच लागंना.

"नाडी सरळ हाय न्हवं?" मालकांनी हसून विचारलं.