दादाचे नऊ आवाज

"बाण कुठल्या बाजूला होता?" वहिनीने तिसऱ्यांदा विचारलं.

"डावीकडून उजवीकडे," टिकली म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय गं?"

टेबलावर गिटारचे दोन अ‍ॅम्प शेजारी शेजारी होते. डावीकडे दादाचा जुना. वर्षभर पडून पडून त्याच्या स्पीकरचा पडदा गेलेला आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर उरलेली. उजवीकडे नवा कोरा, नणंद-भावजयीने मिळून घेतलेला. दोन्हींच्या वायरी लॅपटॉपला जोडल्या होत्या. लॅपटॉपवर दोन अ‍ॅम्पच्या दोन चौकटी आणि कुठून कुठे उतरवायचं ते दाखवणारा बाण नीट उमटायच्या आधीच वहिनी "दाब" म्हणाली आणि टिकलीने दाबलं. आता दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या.

दादाने वर्षानुवर्षं बटणं फिरवून, जीव ओतून जमवलेले नऊ आवाज त्या जुन्यात साठवलेले होते. ते नव्यात उतरवायचं सोडून तिने नव्यातलं रिकामपण जुन्यावर ओतलं होतं. होत्याचं नव्हतं झालं, तेही एका बटणाने!

"मी एक नंबरची गाढव आहे," ती म्हणाली.

"ते नंतर बघू. आधी सांग, परत येतात का?"

"पुसलेलं परत येत नाही, वहिनी."

एरवी असं काही झालं असतं तर दोघींनी हसण्यावारी नेलं असतं. पण वर्षापूर्वी छापखान्यातल्या यंत्रात दादाच्या डाव्या हाताची बोटं सापडली होती. हाडं जुळली, जखमा भरल्या. डॉक्टरांनी बजावलं, "गिटार वाजवा, तेच औषध. नाहीतर बोटं अशीच आखडून राहतील." दादाने मात्र गिटार पलंगाखाली ढकलली ती ढकललीच. वहिनीने विनवण्या केल्या, टिकलीने भांडून पाहिलं. दादा ढिम्म.

मागच्या आठवड्यात टिकली हटूनच बसली, तेव्हा तो हसला. "जुना अ‍ॅम्प तर मेलाय. त्यातले माझे आवाज जसेच्या तसे नव्यात आणून दे. मग वाजवतो. शब्द देतो."

दादा शब्दाचा पक्का. दोघी इतक्या हरखल्या, की दुसऱ्याच दिवशी जाऊन नवा अ‍ॅम्प घेऊन आल्या. आणि आता हे!

"कळलं तर त्याला निमित्तच मिळेल," वहिनी म्हणाली. "पुन्हा गिटारकडे ढुंकून बघायचा नाही."

"मग कळूच द्यायचं नाही," टिकली म्हणाली.

वहिनीच्या फोनमध्ये दादाच्या जुन्या सरावांची रेकॉर्डिंग होती. लग्नाआधी ती सरावाला जाऊन बसायची, गाणी ऐकायला म्हणे! टिकलीला वाजवता जेमतेम यायचं, पण दादाची बटणं फिरवून देतच ती लहानाची मोठी झाली होती. दादा कामावर गेला की दोघी पलंगाखालची गिटार काढून दार लावून बसायच्या. एक तार छेडायची, फोन ऐकायचा, बटण केसभर फिरवायचं, पुन्हा ऐकायचं.

"हा फार गोड झालाय," वहिनी म्हणायची. "असा नव्हता. सकाळी उठल्यावर तुझा दादा कुरकुरतो ना, तसा हवा."

आवाजांना दादानेच नावं दिली होती. एक 'ओला', एक 'पत्र्याचा', एक 'मामाचा खोकला'. खोकला काही केल्या जमेना. दोघी रडकुंडीला आल्या, एकमेकींवर खेकसल्या आणि शेवटी तोही जमला.

रविवारी वहिनीने पलंगाखालून गिटार काढून दादाच्या हातात दिली. "घे. शब्द दिलायस तू."

"झाले उतरवून?" दादा गालातल्या गालात हसत म्हणाला.

टिकलीने 'ओला' लावला. दादाने सहज एक तार छेडली. आवाज खोलीभर पसरला आणि दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा कुठून आला?"

"जुन्यातून," टिकली म्हणाली.

"जुन्यातून?"

"मग काय आकाशातून?" वहिनी घाईघाईने म्हणाली.

मेलो आपण, टिकलीला वाटलं. ओळखलं याने.

पण दादा खुर्ची ओढून बसला. आखडलेली बोटं एकेक करून तारांवर ठेवली. सूर चुकला. त्याने एक शिवी हासडली आणि बोटं पुन्हा ठेवली.

"पुढचा लाव."

तिने लावला. मग त्याच्या पुढचा. 'मामाचा खोकला' ऐकून तो खो खो हसला, हसता हसता त्याचे डोळे भरले, पण हात थांबला नाही. वहिनी तोंड फिरवून उभी होती. टिकलीला राहवेना.

"दादा, हे तुझे नाहीत रे. तुझे माझ्या हातून पुसले गेले, बाण उलटा पडला. हे आम्ही ऐकून ऐकून बनवले. माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण वाजवणं सोडू नकोस."

"तिला बोलू नकोस," वहिनी म्हणाली. "मीच 'दाब' म्हटलं."

दादाने तारांवरून बोटं उचलली नाहीत.

"तुझा बाण बरोबरच होता, टिकले," तो म्हणाला. "दवाखान्यातून घरी आलो ना, त्याच दिवशी मी तो अ‍ॅम्प पुसून टाकला होता."