चाकांवरचा संसार

अमेरिकेत ऑरेगनमधल्या एका गावातल्या नगरपालिकेचा माणूस सांगून गेला, “चाकांवरची घरं इथे चालत नाहीत. आजच्या आज हलवा.” उन्हाळाभर गावोगाव हेच चाललं होतं. वर्ना नवऱ्यावर चिडली, “एल्डन, मार्ज तिचं अंगण देतेय, तिथे जाऊ.” “मेहुणीच्या दारात? त्यापेक्षा वाळवंट बरं!” दार आपटून दुसऱ्या खोलीत जावं, तर एल्डनने बांधलेल्या इवल्याशा घरात दुसरी खोलीच नव्हती. वर्ना तणतणत ट्रकमध्ये जाऊन बसली आणि एकटीच कुठेतरी निघून जायचं म्हणून तिने ट्रक दामटला. मागून जोराचा हिसका बसला. एल्डनने घर केव्हाच ट्रकला जोडून ठेवलं होतं. लगेच फोन वाजला. “अगं, थांब! मी आत आहे, बशा फुटतायत!” वर्नाने आरशात डुलणाऱ्या घराकडे पाहिलं. “मग कशाला तरी घट्ट धरून बस,” ती म्हणाली आणि ट्रक मार्जच्या गावाकडे वळवला.